चेंडू, कोच आणि एचआयव्ही

खेळाच्या मैदानावर मुलांना एचआयव्हीबद्दल शिकवण्याची पद्धत १९९० च्या दशकात आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात सुरू झाली. तिला आजचे रूप त्याच्या पुढच्या दशकात आले. तिच्यामागे सुरुवातीला कोणताही शिक्षणशास्त्रीय सिद्धान्त नव्हता, अडचण होती. वर्गात या विषयावर बोलायला शिक्षक कचरत, घरात आईवडील विषय टाळत आणि धडधाकट तरुण दवाखान्याची पायरी चढत नसे. फुटबॉलच्या मैदानावर मात्र तो रोज संध्याकाळी हजर असे. मुले जिथे आपण होऊन जमतात तिथेच जाऊन बोलावे, असा साधा हिशेब त्यामागे होता.

या हिशेबाची पहिली मोठी चाचणी नैरोबीच्या माथारे या झोपडपट्टीत झाली. बॉब मन्रो या कॅनडाच्या गृहस्थांनी १९८७ मध्ये तिथे ‘माथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन’ ही संस्था सुरू केली. तिच्या साखळी स्पर्धेचा एक नियम विलक्षण होता. संघाला गुण मिळत ते सामना जिंकल्याबद्दल, आणि वस्तीतला कचरा उचलून गटारे साफ केल्याबद्दलही. गुणतक्त्यात वर जायचे तर हातात फावडे घ्यावे लागे. खेळाला सामाजिक काम जोडण्याची ही रीत बसलेली असल्यामुळे १९९४ च्या सुमारास एड्सचा विषय आला तेव्हा नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. मोठ्या वयाच्या खेळाडूंना प्रशिक्षण दिले गेले आणि तेच धाकट्यांशी बोलू लागले. झांबियात १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एज्युस्पोर्ट’ने हीच दिशा पकडली. नॉर्वेच्या मदतीने २००१ मध्ये ‘किकिंग एड्स आउट’ नावाचे जाळे तयार झाले आणि आफ्रिकेतल्या अशा संस्था एकमेकींच्या युक्त्या उचलू लागल्या. या जाळ्यात पारंपरिक खेळ आणि गाणीही होती, पण फुटबॉलचे राज्य अबाधित राहिले.

या पद्धतीला ठरीव अभ्यासक्रमाचे रूप झिम्बाब्वेतल्या बुलावायो शहरात मिळाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस झिम्बाब्वेत प्रौढांपैकी जवळपास एक चतुर्थांश लोकांना एचआयव्हीची लागण झालेली होती आणि औषधोपचार सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. बुलावायोच्या हायलँडर्स या नामांकित क्लबाकडून टॉमी क्लार्क हा तरुण खेळला होता. त्याचे वडील बॉबी क्लार्क हे स्कॉटलंडचे माजी गोलरक्षक आणि त्याच क्लबाचे एकेकाळचे प्रशिक्षक. पुढे बालरोगतज्ज्ञ झालेल्या टॉमीने २००२ मध्ये मेथेम्बे न्डलोवू, कर्क फ्रीडरिक आणि ईथन झोन यांच्यासह ‘ग्रासरूट सॉकर’ ही संस्था स्थापली. झोन हाही हायलँडर्सचा माजी खेळाडू. ‘सर्व्हायव्हर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेत त्याने दहा लाख डॉलर जिंकले होते आणि त्या बक्षिसातला वाटा संस्थेच्या उभारणीला लागला. सुरुवातीला वर्गात जाणारे शिक्षक म्हणजे शहरातले व्यावसायिक फुटबॉलपटूच होते. रविवारी स्टेडियममध्ये ज्याच्या नावाचा गजर व्हायचा तो खेळाडू सोमवारी शाळेत येऊन कंडोमबद्दल बोलतो, याचा मुलांवर जो परिणाम झाला तो भित्तिपत्रकांनी कधीच साधला नव्हता.

प्रत्यक्ष शिकवणे कसे चालते, हे दोन खेळांवरून नीट कळते. पहिल्यात दोन संघ समोरासमोर रांगेत उभे राहतात. एका संघातली मुले पाठीमागे हात धरून एक छोटा चेंडू हातोहात पुढे सरकवतात आणि कोचने थांबा म्हटले की समोरच्या संघाने चेंडू कोणाकडे आहे ते ओळखायचे. चेहरे पाहून, हसणे पाहून अंदाज बांधले जातात आणि बहुतेक चुकतात. डाव संपल्यावर कोच विचारतो की चेंडूच्या जागी विषाणू असता तर? चेहऱ्यावरून, अंगकाठीवरून, कपड्यांवरून लागण ओळखता येत नाही, त्यासाठी रक्ताची चाचणीच करावी लागते, ही गोष्ट मुले स्वतःच बोलून दाखवतात. फळ्यावर लिहून हेच एका वाक्यात सांगता आले असते. पण आत्ताच आपण पाच वेळा चुकलो हा ताजा अनुभव त्या वाक्याला लाभला नसता.

दुसऱ्या खेळात मैदानावर प्लॅस्टिकचे शंकू मांडलेले असतात. एक शंकू म्हणजे एकाच वेळी अनेक जोडीदार, दुसरा म्हणजे दारू, तिसरा म्हणजे वयाने बऱ्याच मोठ्या माणसाशी संबंध, चौथा म्हणजे कंडोमविना संबंध. चेंडू पायाने खेळवत या शंकूंमधून वाट काढायची. पहिल्या फेरीत ज्याचा धक्का शंकूला लागेल त्याने जोर काढायचे. दुसऱ्या फेरीत चूक एकाची, पण जोर साऱ्या संघाने काढायचे. तिसऱ्या फेरीत मैदानावरच्या सगळ्यांनी. त्यानंतर चर्चा होते. एकाच्या आजाराचा भार घरावर आणि गावावर कसा पडतो, आणि मोठ्या वयाच्या जोडीदाराचा धोका अधिक का, हे प्रश्न तिथे निघतात. उत्तर सरळ आहे. वय वाढते तशी त्या माणसाला आधीच लागण झालेली असण्याची शक्यता वाढते, आणि पैशाने व वयाने मोठ्या पुरुषापुढे कोवळ्या मुलीला कंडोमचा आग्रह धरता येत नाही. खेळ चांगला आहे, पण त्यात एक खोड आहे. लागण म्हणजे चुकीची शिक्षा, असा सूर त्यातून निघू शकतो. ज्या मुलाला जन्मतःच आईकडून लागण झाली आहे तो त्या मैदानावर उभा असेल तर त्याने त्यातून काय घ्यायचे? चांगला कोच हा सूर ओळखून चर्चेत दुरुस्त करतो, सामान्य कोच करत नाही.

म्हणजे या पद्धतीचा सगळा भार शेवटी कोचवर येतो. बुलावायोतल्या प्रसिद्ध खेळाडूंची जागा पुढे त्याच वस्तीतल्या तरुण-तरुणींनी घेतली, आणि तो बदल शहाणपणाचा ठरला. नामवंत खेळाडू तासभर भारावून टाकतो. गल्लीतला कोच पुढच्या आठवड्यातही भेटतो. त्याला आधी काही दिवसांचे प्रशिक्षण मिळते आणि त्यात स्वतःची गोष्ट सांगण्याचा सराव असतो. घरात कोणाचा मृत्यू झाला, पहिली चाचणी करताना पाय कसे लटपटले, हे तो मुलांना मोकळेपणाने सांगतो. त्यानंतर मुलेही बोलू लागतात. माणूस आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला एखादी गोष्ट करताना पाहून ती शिकतो आणि ‘हे मलाही जमेल’ हा विश्वास आल्याशिवाय कृती करत नाही, ही मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बॅन्डुरा यांची मांडणी या कार्यक्रमांना नंतर सैद्धान्तिक आधार म्हणून जोडली गेली.

उपयोग किती होतो, या प्रश्नाचे उत्तर कशाची मोजणी केली यावर अवलंबून आहे. माहिती वाढते, यात शंका उरलेली नाही. टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये ‘एमिमा’ या संस्थेच्या फुटबॉल कार्यक्रमाचा अभ्यास मारो, रॉबर्ट्स आणि सोरेन्सन या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १२ ते १५ वयाची ७६४ मुले होती. काहींना समवयस्क कोचकडून मैदानावर शिक्षण मिळाले, काहींना शाळेतले नेहमीचे धडे, आणि शाळेबाहेरच्या एका गटाला काहीच नाही. मैदानावरच्या मुलांची समज आणि कंडोमबाबतचा कल इतरांपेक्षा सरस निघाला. कॉफमन, स्पेन्सर आणि रॉस यांनी २०१३ मध्ये अशा २१ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला. ज्ञान, कलंकाची भावना, आत्मविश्वास, मोकळेपणे बोलणे आणि कंडोमचा वापर या बाबतींत अनुकूल परिणाम दिसले. पण त्याच लेखकांनी बजावले की बहुतेक अभ्यासांची रचना कच्ची आहे. तुलनेसाठी गट नाहीत, पाठपुरावा अल्पकाळाचा आणि उत्तरे मुलांनी स्वतः दिलेली. लागण प्रत्यक्षात कमी झाली का, याचा पुरावा त्यांच्यापुढे नव्हता.

ही उणीव एकट्या खेळाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. टांझानियातल्या म्वान्झा भागात ‘मेमा क्वा विजाना’ नावाचा शालेय लैंगिक शिक्षणाचा प्रकल्प मोठ्या काटेकोरपणे राबवला गेला, २० वस्त्यांत चिठ्ठी टाकून तुलना झाली आणि अनेक वर्षांनी रक्ताच्या चाचण्याही घेतल्या गेल्या. मुलांचे ज्ञान वाढलेले होते, लागणीत मात्र फरक नव्हता. तरुणांना माहिती दिली की त्यांचे वागणे बदलेल आणि वागणे बदलले की लागण थांबेल, या साखळीतली दुसरी आणि तिसरी कडी सगळीकडेच कच्ची निघाली आहे. गरिबी, स्थलांतर, दारू, जोडीदाराची जबरदस्ती यांच्यापुढे माहितीचे फारसे चालत नाही.

बुलावायोतल्याच एका वेगळ्या प्रयोगाने मात्र पुरावा जरा घट्ट केला. पुरुषांच्या सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, हे दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या तीन मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले होते आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लागण जास्त असलेल्या देशांसाठी तिची शिफारसही केली होती. प्रश्न होता तरुणांना दवाखान्यापर्यंत आणण्याचा. ‘मेक द कट’ नावाच्या कार्यक्रमात स्वतः सुंता करून घेतलेला कोच फुटबॉल संघाबरोबर फक्त तासभर घालवी. खेळ, थोडी माहिती आणि त्याची स्वतःची गोष्ट, भीती आणि वेदनेसकट. नंतर तो फोन करी आणि लागल्यास दवाखान्यात सोबत जाई. प्रौढांच्या ४७ संघांत झालेल्या चाचणीत कोच भेटलेल्यांपैकी ४.८ टक्के खेळाडूंनी सुंता करून घेतली. इतर संघांत हे प्रमाण ०.५ टक्के होते. २६ माध्यमिक शाळांत हेच आकडे १२.२ आणि ४.६ टक्के आले. आकडे लहान आहेत, पण ते तोंडी उत्तरांचे नाहीत, दवाखान्याच्या नोंदींचे आहेत. सहभागी मुलांशी बोलून झालेल्या अभ्यासात त्यांनी महत्त्व दिले ते दोन गोष्टींना: कोचने स्वतःचा अनुभव सांगितला, आणि तो बरोबर आला. ‘जबाबदारीने वागा’ असा मोघम उपदेश करण्यापेक्षा एक नेमके काम सांगावे आणि त्या कामाच्या दारापर्यंत सोबत करावी, हे या सगळ्या संशोधनातले सर्वांत उपयोगी निरीक्षण म्हणावे लागेल. स्पर्धेच्या दिवशी मैदानाकडेलाच एचआयव्ही-चाचणीचे तंबू उभारण्याची पद्धतही याच धर्तीवर लोकप्रिय झाली.

या सगळ्यात मुली बराच काळ कडेलाच राहिल्या. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत १५ ते २४ वयोगटातल्या मुलींना लागण होण्याचे प्रमाण त्याच वयाच्या मुलांच्या तुलनेत तिपटीहून अधिक असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाचे अलीकडचे अंदाज सांगतात. आणि फुटबॉल मैदानावर जमणारे बहुतेक मुलगेच. ज्यांना धोका जास्त त्यांच्यापर्यंत न पोचणारी ही पद्धत होती. झांबियात ‘गो सिस्टर्स’ या उपक्रमाने मुलींचे स्वतंत्र संघ उभे केले. दक्षिण आफ्रिकेत ग्रासरूट सॉकरने फक्त मुलींसाठी, स्त्री-प्रशिक्षकांच्या हाताखाली आणि पंचाशिवाय खेळायच्या गल्ली-फुटबॉलचा कार्यक्रम काढला. फाउल झाला की मुलींनी आपसांत बोलून निवाडा करायचा. ‘थांब, हे मला चालणार नाही’ असे मोठ्याने म्हणण्याची सवय मैदानावर लागावी, हा त्यामागचा हेतू. मैदानावरची सवय घराच्या बंद दाराआड किती टिकते, हे वेगळे.

प्रसिद्ध खेळाडूंचा वाटाही नोंदवला पाहिजे, पण थोडक्यात. बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने ७ नोव्हेंबर १९९१ रोजी आपल्याला लागण झाल्याचे जाहीर केले तेव्हा अमेरिकेत चाचणीची मागणी एकदम वाढली. हृदयशस्त्रक्रियेत दिलेल्या रक्तातून लागण झालेला टेनिसपटू आर्थर अ‍ॅश १९९२ मध्ये जाहीरपणे बोलला आणि पुढच्याच वर्षी गेला. जॉन्सनबरोबर खेळायला काही खेळाडूंनी उघड नाराजी दाखवली आणि १९९२ च्या अखेरीस त्याने पुनरागमनाचा विचार सोडला. खरे तर खेळताना घाम, थुंकी किंवा धक्काबुक्कीतून विषाणू पसरत नाही. रक्त येत असलेल्या खेळाडूने बाहेर जाऊन जखम झाकून मगच परतायचे, हा नियम आज जवळपास प्रत्येक खेळात आहे आणि तो सगळ्यांना सारखाच लागू आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांबरोबर ‘थिंक वाइज’ ही मोहीम चालवली. कुमार संगकारा, ग्रॅम स्मिथ, वीरेंद्र सेहवाग हे तिचे चेहरे होते आणि २०११ च्या विश्वचषकातही ती दिसली. अशा मोहिमांनी विषयाची लाज थोडी कमी होते. त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

भारतात परिस्थिती निराळी. इथे एचआयव्ही १९८६ मध्ये मद्रासमध्ये पहिल्यांदा आढळला. तो शोधणाऱ्या पथकाच्या प्रमुख डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. आज देशातल्या प्रौढांमध्ये लागणीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे आणि बाधितांची संख्या सर्वाधिक असलेले राज्य महाराष्ट्र आहे. बुलावायोतल्या प्रत्येक मुलाने एड्सची अंत्ययात्रा पाहिलेली होती. मुंबईतल्या मुलाने बहुधा नाही. त्यामुळे भारतातल्या खेळ-कार्यक्रमांत एचआयव्ही हा एकटा विषय म्हणून क्वचितच येतो. मासिक पाळी, लग्नाचे वय, मारहाण, पैशांचे व्यवहार यांच्या ओळीत तो बसवला जातो. शाळेचा मार्गही इथे अरुंद आहे. किशोरवयीन शिक्षणाचा केंद्राचा कार्यक्रम २००७ मध्ये अनेक राज्यांनी रोखला, त्यात महाराष्ट्रही होता. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून २६ वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्याचे मासिक चालवले त्याच राज्यात हे घडले.

दिल्लीतल्या नाझ फाउंडेशनने स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या साहाय्याने २००६ मध्ये मुलींसाठी ‘गोल’ कार्यक्रम सुरू केला आणि तो पुढे मुंबईतही आला. खेळ निवडला नेटबॉल. त्याला जागा कमी लागते, अंगाला अंग भिडत नाही आणि मुलग्यांनी त्यावर हक्क सांगितलेला नाही, त्यामुळे घरच्यांची परवानगी मिळणे सोपे. एचआयव्हीचा भाग आरोग्याच्या धड्यात येतो. मुंबईत ‘परिवर्तन’ या उपक्रमात स्त्रियांवरील संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राने मुंबई शालेय क्रीडा संघटना आणि ‘अपनालय’ ही संस्था यांच्या सोबतीने शाळांच्या क्रिकेट प्रशिक्षकांना हाताशी धरले. मुलींबद्दल कसे बोलावे, छेडछाड दिसली तर काय करावे, हे प्रशिक्षकच मुलग्यांना सांगत. मूल्यमापनात मुलग्यांची मते सुधारलेली दिसली, वागण्यातला फरक त्यामानाने पुसट होता. आफ्रिकेतला निष्कर्ष इथेही थोड्याफार फरकाने आलाच.

याच उपक्रमाचा मुलींसाठीचा भाग गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये झाला आणि तो जास्त बोलका आहे. तो एचआयव्हीच्या मुळाशी असलेल्या सामाजिक कारणांवर काम करणाऱ्या ‘स्ट्राइव्ह’ या लंडनस्थित संशोधन-गटाच्या कामाचा भाग होता, पण मैदानावर होती ती कबड्डी. वस्तीतल्याच तरुण मुलींना मार्गदर्शक म्हणून तयार केले गेले आणि त्यांनी किशोरवयीन मुलींचे संघ बांधले. खरी झुंज चढाई-पकडीआधीच सुरू झाली. उघड्या मैदानावर मुलींनी खेळायचे म्हटल्यावर टोमणे आले, घरचे अडले, मैदानावर आधीपासून बसलेली पोरे हटेनात. मार्गदर्शक मुलींनी घरोघरी जाऊन आयांना पटवले, स्वतःच्या घरी वाटाघाटी केल्या, एकटीने न जाता गटाने जाण्याची रीत पाडली. या मार्गदर्शक मुलींच्या हिंडण्याफिरण्यावरची बंधने कशी सैल झाली, यावर २०१८ मध्ये स्वतंत्र शोधनिबंध निघाला. घराबाहेर पडता न येणारी मुलगी चाचणी केंद्रावरही जाऊ शकत नाही. त्या अर्थाने कबड्डीचे मैदान मिळवणे हेच इथे आरोग्यशिक्षण होते.

टीकाही मोठी झाली आहे. क्रीडासमाजशास्त्राचे अभ्यासक फ्रेड कोल्टर यांनी आफ्रिकेतल्या संस्थांबरोबरच मुंबईच्या ‘मॅजिक बस’ या संस्थेचाही अभ्यास केला. त्यांचा आक्षेप मुळाशी जातो. गरीब वस्तीतल्या मुलांमध्ये आत्मविश्वास कमी असतो असे गृहीत धरून कार्यक्रम आखले जातात. प्रत्यक्ष मोजणीत अनेक मुलांचा आत्मविश्वास मुळातच चांगला निघाला. शिवाय छोट्या गटातल्या यशावरून समाज बदलल्याचे दावे केले जातात. खेळ आपोआप सद्गुण शिकवत नाही, हेही खरे. मैदानावर मर्दानगीची घमेंड, शिवीगाळ आणि वरिष्ठांची दादागिरीही शिकली जाते, आणि मुलींवर अत्याचार करणारे प्रशिक्षकही जगभर सापडले आहेत. कोचच्या विश्वासावर उभ्या असलेल्या पद्धतीत कोचची पारख आणि त्याच्यावरची देखरेख ही पहिली अट असायला हवी. जुन्या अभ्यासक्रमांत तिला फारच कमी पाने मिळाली.

आशयही बदलावा लागत आहे. २००२ मध्ये बुलावायोत एड्स म्हणजे मृत्यू असे सांगणे चुकीचे नव्हते. आता नियमित औषधे घेणाऱ्या आणि रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झालेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे पक्के झाले आहे. लागण टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या गोळ्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये व्यापक केली आणि वर्षातून दोनदा घ्यायचे लेनाकापाविरचे इंजेक्शन २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. भीतीवर बेतलेले जुने खेळ या माहितीशी विसंगत ठरतात. जन्मतः लागण झालेली मुले आज तरुण झाली आहेत. त्यांना गोळ्या रोज का घ्यायच्या आणि मित्राला कधी सांगायचे, हे शिकवावे लागते. काही संस्थांनी त्यांचे स्वतंत्र संघ काढले आहेत.

पैशाचा प्रश्न या सगळ्याच्या वर आहे. आफ्रिकेतल्या या कार्यक्रमांचा मोठा आधार अमेरिकी सरकारी निधी होता. जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत रोखली गेली आणि त्या वर्षाच्या मध्यावर यूएसएड ही संस्थाच गुंडाळली गेली. वस्तीतला कोच मानधनावर काम करतो. ते थांबले की त्याला दुसरे काम शोधावे लागते आणि त्याने जमवलेला गट पांगतो. पगारी क्रीडाशिक्षकांना या कामात ओढणे हा पर्याय स्वस्त आहे, मुंबईत तो वापरूनही पाहिला गेला. पण शाळेच्या क्रीडाशिक्षकाकडे पन्नास-साठ मुलांचा वर्ग असतो, स्पर्धांचे वेळापत्रक असते आणि चाचणी केंद्रापर्यंत एकेका मुलासोबत जायला त्याच्याकडे दुपार मोकळी नसते.